पाटी नसलेलं हाटेल

श्रावणबाबूंच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. (पंचफुलाबाईंना विचाराल तर त्या बोटं मोजायला बसतील, आणि स्वतःची संपली की तुमची मागतील.) ती चूक म्हणजे एकसष्ट सालच्या मे महिन्यात, गुरुवारी सकाळी, तोंडात कडुनिंबाची काडी असताना ते बोलून गेले, "बरं बापा, रविवारी तुले हाटेलात जेवाले नेतो!"

काडी दातांत होती, त्यामुळे शब्द अर्धे चावले गेले. तरी पंचफुलाबाईंना ते पहिल्या फटक्यात ऐकू आले. एरवी "माहा चष्मा कुठं हाये" हे तीनदा ओरडावं लागतं.

सगळ्याचं मूळ नळावर होतं. यवतमाळात मे महिन्यात नळाला पाणी कमी आणि गोष्टी जास्त येतात. शेजारच्या धनीबाईला तिच्या नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, हाटेलात जेवायला नेलं होतं. पण ती बया त्या एका जेवणावर नऊ दिवस नळाशी उभी होती. "दोन भाज्या होत्या माय. वरून पापड. अन् मी पान्याले सुद्दिक उठली नाई. वाढप्या पुसे, बाई, अजून पायजे का?"

नवव्या दिवशी पंचफुलाबाईंनी रिकामी घागर अंगणात आदळली.

"काहो, बारा वर्षं झाले लग्नाले. बारा वर्षांत मी असं एक ताट खाल्लं नाई का जे मी रांधलं नाई. माहेरी जाव तं तिथं वहिनी बाळंत. मले येकडाव, फकस्त येकडाव, दुसऱ्याच्या हातचं गरम ताट पायजे. मी बसंन, दुसरा वाढंन. नाई जमत तं सांगा, पोट्टे कळंबला आजीकडं हायेतच, मी बी जाते. मग तुमी अन् तुमचं वरन."

वरणाचा उल्लेख मुद्दाम होता. श्रावणबाबूंना आम्लपित्त. त्यामुळे घरात बारा वर्षं बिनतिखटाचं वरण शिजत होतं. वऱ्हाडातल्या बाईला बिनतिखटाचं रांधायला लावणं म्हणजे पैलवानाला फुलं तोडायला ठेवणं. आणि ते जेवल्यावर श्रावणबाबूंनी काय म्हणावं? एक ढेकर द्यायची, हात धुवायचे आणि म्हणायचं, "झालं." बारा वर्षं, दोन वेळा, "झालं." 'चांगलं झालं' यातला पहिला शब्द त्यांनी कधी खर्चच केला नाही.

तर बोलून गेले. आता नेणार कुठं?

गंमत अशी, की श्रावणबाबूंनी गावातल्या एकाही हाटेलात पाय ठेवलेला नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते, पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे बाबू हाटेलात जात आणि हे डब्यातले फुटाणे खात. पंचफुलाबाईंना वाटे, नवरा चिक्कू आहे. खरी गोष्ट निराळी होती. लहानपणी ते बापाबरोबर दारव्ह्याच्या बाजाराला गेले होते. तिथल्या हाटेलात यांच्या जातीच्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असे. बापानं त्यात चहा घेतला, उभ्यानं प्याला, कप स्वतः विसळला आणि परत कोनाड्यात ठेवला. त्या दिवसापासून हाटेल म्हटलं की श्रावणबाबूंच्या घशाशी येई, आणि ते आम्लपित्त नव्हतं. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन घरच्या सगळ्यांनी दीक्षा घेतली, भिंतीवर बुद्धाचा फोटो आला, माणसं ताठ चालू लागली. पण तो कप काही डोक्यातून निघाला नाही. बायकोला कोणी तसा कप दाखवला तर? त्यापेक्षा फुटाणे बरे.

म्हणजे विचारायचं तर अशा माणसाला विचारायला पाहिजे, की ज्यानं सगळी हाटेलं आतून पाहिली आहेत, आणि जो "कायले विचारता?" असं विचारणार नाही. असे लोक गावात एकच. बँडवाले.

शकील मास्तरांची बँडपार्टी. लग्नाच्या मोसमात वणीपासून पुसदपर्यंत वाजवत फिरणारी, दहा गावचं पाणी प्यालेली माणसं. त्यांची खोली श्रावणबाबूंच्या घरामागेच, मधे फक्त एक गल्ली. गल्ली म्हणजे काय, नाली आणि उकिरडा. चार महिन्यांपूर्वी ही मंडळी रोज भर दुपारी सराव करायची. रविवारी श्रावणबाबूंनी डोळे मिटले की क्लॅरोनेट उशाशी येऊन बसे. शेवटी त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय : दुपारी १२ ते ३ वाद्ये न वाजविणेबाबत.' खाली सही, तारीख, जावक क्रमांक (स्वतःच्या मनानं दिलेला). अर्ज मास्तरांच्या हातात ठेवला आणि चमत्कार झाला! आठ दिवसांत दुपार मुकी झाली. तेव्हापासून श्रावणबाबू रविवारी बारा ते तीन घोरत, आणि कचेरीत सांगत, "कागदाची ताकद हाये बापा! तोंडानं सांगितलं असतं तं आयकलं असतं का?"

शुक्रवारी संध्याकाळी ते पुढच्या रस्त्यानं वळसा घालून बँडच्या खोलीत गेले. मास्तर क्लॅरोनेट पुसत होते. ट्रंपेटवाला फुलसिंग ट्रंपेटमधली थुंकी झटकत होता. ताशावाला डोमाजी पाय पसरून बसला होता. बाबूजींना पाहताच तिघे असे उभे राहिले, जसे काही चोरीचे आंबे मागे लपवलेत.

"बसा, बसा," श्रावणबाबू उदारपणे म्हणाले. "तक्रार नाई. मले फकस्त येवढं सांगा, का गावात जेवाले सगळ्यात चांगलं हाटेल कोनतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फुलसिंगला उगीचच खोकला आला.

"साहब," शेवटी मास्तर म्हणाले, "स्टँड के पीछे जाइये. ऐसी जगह पूरे जिल्हे में नहीं. तीस साल से खा रहा हूं."

"छ्या!" फुलसिंग उसळला. "बाबूजी, लोहाऱ्याच्या रस्त्यावर जा. त्याच्यासारकं ताट नाई कुठं. मास्तरचं आयकू नका."

"डोमाजी, तुहं काय म्हननं हाये?"

डोमाजीनं ताशाची दोरी ओढली. "माह्यावालं हाटेल टेकडीखाली हाये बाबूजी. चवीचं मले इचारू नका, चव काई भारी नाई त्याची. पन थो आत बसवते. बाकावर. अन् च्या देते थो सगळ्याईच्याच कपात."

श्रावणबाबूंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. डोमाजीच्या हाटेलचं नाव त्यांनी चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिलं.

पण कारकून तो कारकून. पाहणी केल्याशिवाय मंजुरी कशी द्यायची? शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर छत्री घेऊन ते निघाले. डोमाजीच्या हाटेलला कुलूप. मालक लेकीच्या लग्नाला गेला, आठवडाभर येत नाही. झाली सुरुवात!

मग मास्तरांचं. स्टँडमागच्या त्या हाटेलात ताटात काय आलं असेल? मऊ खिचडी, दही आणि उकडलेला भोपळा. मिरची नाही, मोहरी नाही, मीठ सुद्धा भीत भीत टाकलेलं. "अगा, हे काय दवाखान्याचं जेवन हाये का?" श्रावणबाबू म्हणाले. (लक्षात घ्या, बारा वर्षं वरण खाणारा माणूस हे म्हणाला.)

मालकानं शांतपणे विचारलं, "साहेब, तुमी काय वाजवता?"

"मी? मी काईच वाजवत नाई."

"मंग इथं कायले आले? इथं क्लॅरोनेट अन् सनईवाले येतात. मिरची ओठाले झोंबली का संध्याकाळी सूर फाटते त्याईचा."

श्रावणबाबू तणतणत लोहाऱ्याच्या रस्त्याला लागले. मे महिन्याचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. फुलसिंगच्या हाटेलात ताट आलं ते अर्धं. अर्धी भाकर, अर्धी वाटी रस्सा, भाताचा एक घास. "बाकीचं?" तर मालक म्हणतो, "बाकीचं लग्न वाजवून आल्यावर. भरल्या पोटी ट्रंपेट फुंकली तं आतडं गयात येते. फुलसिंगभाऊनं सांगितलं नाई का तुमाले?"

नाही सांगितलं! हरामखोरांनी काही म्हणजे काही सांगितलं नाही!

संध्याकाळी श्रावणबाबू बँडच्या खोलीसमोर पोचले तेव्हा डोळे लाल, चष्म्यावर धूळ. मंडळी पुसदच्या लग्नाला निघाली होती. भाड्याची मोटार उभी होती आणि वर ढोल चढत होता.

"मास्तर! मी हाटेल इचारलं होतं का औषध? अन् तू रे फुलसिंग! माह्या बायकोले मी अर्धं ताट खाऊ घालू? बारा वर्षांनी अर्धं? उद्या रविवार हाये! थे कळंबला निघून जाईन अन् मंग मले रांधून कोन घालनार, तू?"

फुलसिंग मोटारीमागे गेला.

तेवढ्यात टपावरून ढोलवाले वाहिदभाई खाली उतरले. हे पुसदचे. दोनच महिन्यांपूर्वी पार्टीत आलेले. तीस वर्षं ढोल बडवून कान गेलेले, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत. शुक्रवारी ते ढोलाचं कातडं बदलायला गेले होते, म्हणून त्यांचं मत घ्यायचं राहिलं होतं.

"खाना?" वाहिदभाई गरजले. "अच्छा खाना? अरे, फिर ये लोग बताते क्यूं नहीं? पीछे की गल्ली में एक भाभी है!"

मास्तरांनी वाहिदभाईंच्या पायावर पाय दिला.

"पाटी नाई, बोर्ड नाई," वाहिदभाई आता मराठीवर आले, "पन वांग्याचा रस्सा असा का बस! एक घास घ्या, कान उघडते. मले परवा मोटारीचा भोंगा आयकू आला! ज्वारीची भाकर, वरून मिरचीचा ठेचा. अन् हरेक घासाले पुसते, भाऊ, अजून घ्या."

"वो तो बंद हो गया," मास्तर घाईनं म्हणाले.

"क्या? मसाला कम हो गया? बिलकुल नहीं! कलच खाया ना!"

"बंद! बंद!"

"हां, बहुत! बहुत अच्छा!"

डोमाजीनं कपाळाला हात लावला. श्रावणबाबूंच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं होतं. ताट पूर्ण, तिखट, आणि वर आग्रह! "आत बसवते का? सगळ्याईले?" त्यांनी वाहिदभाईंच्या कानाशी ओरडून विचारलं.

"सगळ्याईले! मी, डोमाजी, फुलसिंग, एका रांगेत. एकच ताट, एकच गिलास. कोन कोनचा, पुसत बी नाई भाभी."

श्रावणबाबूंनी पत्ता उतरवून घेतला. एक, बँडच्या खोलीचे मागील दार. दोन, नाली. तीन, शेवग्याचे झाड. चार, हिरवे टिनाचे दार. लिहिता लिहिता म्हणालेही, "आमच्या मांगं बी एक शेवगा हाये." पण यवतमाळात शेवगे काय एक आहेत?

मास्तर काहीतरी सांगायला पुढे आले, पण ड्रायव्हरनं भोंगा दिला आणि मोटार निघाली. फुलसिंग मागच्या फळीवरून हात हलवत काहीतरी ओरडत होता. श्रावणबाबूंना वाटलं, शुभेच्छा देतोय. त्यांनीही हात हलवला.

रविवारी पंचफुलाबाईंनी ठेवणीतलं जांभळं पातळ काढलं. सकाळपासून चूल पेटवली नव्हती. रिकाम्या चुलीसमोर त्या दोनदा जाऊन उभ्या राहिल्या आणि दोनदा हसल्या. नळावर धनीबाईला सांगूनही आल्या. "कोनतं हाटेल?" धनीबाईनं विचारलं. "थे त्याईनं सांगितलं नाई. गंमत हाये मने."

साडेअकराला श्रावणबाबूंनी पुढच्या दाराला कुलूप लावलं. सरळ मागे गेले असते तर दोन मिनिटांचं काम, पण हाटेलात जाताना थोडं चालायला नको का? बाजारातून, धनीबाईच्या दारावरून, वळसा घालून ते मागच्या गल्लीच्या तोंडाशी आले. या गल्लीत ते आयुष्यात आले नव्हते. कचेरीतल्या माणसानं पुढच्या दारानं जावं-यावं, असा त्यांचा बाणा होता.

"इकडं कायले?" पंचफुलाबाई थबकल्या.

"तू फकस्त चाल. बाहेरून असंच हाये. पन आतून पाहाजो."

पंचफुलाबाईंनी नाली पाहिली, शेवगा पाहिला. मग नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी पाहिली. त्यांचा चेहरा कसा झाला ते श्रावणबाबूंनी पाहिलं नाही, कारण ते हिरव्या दारावर खूश झाले होते. "पाह्य! दाराले रंग कसा देल्ला! याले म्हनते टापटीप. नाई तं आपलं मांगचं दार."

त्यांनी कडी वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. पाच मिनिटं झाली. घाम कॉलरपर्यंत आला.

"रविवारी बंद! ऐन जेवाच्या वक्ताले! कुठं उलथली असंन ही बाई?"

"हाटेलात गेली असंन," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"हाटेलात? कोनासंगं?"

"नवऱ्यासंगं."

"कोन बयताड नवरा हाये हा!" श्रावणबाबूंचा तोल सुटला. "सोताच्या घरी असं रांधनारी बाई हाये, सारा बँड बोटं चाटते, अन् हा तिले दुसरीकडं जेवाले नेते? अक्कल गहान ठेवली का त्यानं? मले भेटू दे, तोंडावर सांगतो!"

"सांगजा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

श्रावणबाबू दगडावर टेकले. सगळा फुगा फुटला होता. "पंचफुले, मी चिक्कू नाई वो. इथं मी इचारून घेतलं होतं. सगळ्याईले एकच ताट, एकच गिलास. म्हून आनलं तुले."

पंचफुलाबाई दारापाशी गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले मायीत हाये तुमी कायले नेत नोयते थे. मामंजीनं सांगितलं होतं मले, दारव्ह्याच्या कपाचं. लग्नाच्या पयल्याच वर्षी."

"मंग येवढे वर्षं बोलली कायले नाई?"

"तुमी बोलले का?"

एवढं बोलून त्यांनी दाराच्या फटीतून हात आत घातला, वरच्या बाजूला वळवला आणि आतली कडी सरकवली. दार उघडलं.

"अवो, अवो! परक्याचं घर हाये! गुन्हा हाये हा!" श्रावणबाबू मागोमाग धावले. आत लहानसं अंगण. दोरीवर एक बनियन वाळत होतं, डाव्या बगलेला भोक असलेलं. त्यांना वाटलं, या बाईच्या नवऱ्याचंही आपल्यासारखंच फाटतं. मग त्यांना खुंटीवरची छत्री दिसली. छत्रीची मूठ सुतळीनं बांधलेली होती. ती सुतळी कचेरीतली होती.

श्रावणबाबू दोन पावलं मागे गेले, बाहेर जाऊन दार बघून आले, आणि पुन्हा आत आले. घर तेच होतं.

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. पुसदचं लग्न वाजवून मंडळी परतली होती, सगळ्यात पुढे वाहिदभाई, धोतराच्या सोग्यात वांगी. "भाभी! पुसद के बैंगन लाया!" आणि श्रावणबाबूंना पाहून आनंदानं ओरडले, "आ गये साहब? मैंने बोला था ना! ये अपनी भाभी! मालक अंदर सोता है, उसकी फिकर नको."

मागच्या तिघांना कुठं पाहावं ते कळेना.

"म्हंजे मी झोपलो रायतो," श्रावणबाबू एकेक शब्द मोजत म्हणाले, "अन् तुमी सारे इथं..."

"मुक्यानं जेवतो बाबूजी," डोमाजी अजिजीनं म्हणाला. "आवाज नाई करत. तुमी घोरता त्याच तालावर चावतो. घोरनं थांबलं का आमी बी थांबतो."

"पन माहा अर्ज! दुपारचा सराव माह्या अर्जानं बंद झाला!"

मास्तरांनी मान खाली घातली. "साहब, मराठी कागद हमको कहां पढना आता? भाभी को पढने को दिया. भाभी बोली, इसमें लिखा है, दोपहर को खाने को आओ."

श्रावणबाबूंनी बायकोकडे पाहिलं.

"तोंडात भाकर असली का बाजा कसा वाजीन?" पंचफुलाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमाले झोप पायजे होती, भेटली. भाजी थे आनते, पीठ थे आनते, मी रांधते. तिखट रांधते! बारा वर्षांनी माह्या हाताले मिरचीचा वास आला. अन् चार महिन्यांत ह्या लोकायनं जेवढ्या खेपा 'वा' म्हनलं, तेवढ्या खेपा तुमी माह्या नावानं हाक बी नाई मारली."

फुलसिंग शेवग्याच्या शेंगा मोजू लागला. वाहिदभाईंना ऐकू आलं नव्हतं, म्हणून ते तेवढे हसत होते.

मग पंचफुलाबाईंनी पाट ओढला, अंगणाच्या सावलीत मांडला, जांभळ्या पातळाचा पदर सारखा केला आणि मांडी घालून बसल्या.

"ताट आना."

"कोन?" श्रावणबाबू म्हणाले.

"मले काय मायीत? मी गिऱ्हाईक हावो. हाटेलात आली. दुसऱ्याच्या हातचं गरम ताट पायजे, मी सांगितलंच होतं. धनीबाईले वाढप्या पुसत होता, बाई, अजून पायजे का. मले बी कोनं पुसा."

श्रावणबाबूंनी मंडळींकडे मदतीसाठी पाहिलं. मास्तर म्हणाले, आम्ही वाजवणारे, रांधणारे नाही. तरी डोमाजीनं चूल पेटवून दिली आणि फुलसिंगनं (फुंकायची सवय असलेल्या माणसानं) फुंकणी धरली. वांगी चिरताना श्रावणबाबूंनी अंगठा चिरला. पीठ आधी पातळ झालं, मग पीठ घालून घट्ट झालं, मग पाणी घालून पुन्हा पातळ, असं करता करता चार माणसांचं पीठ एका भाकरीत गेलं. ती भाकरी एका बाजूनं कोळसा आणि दुसरीनं खळ झाली. धुरानं डोळ्यांतून धारा लागल्या. "मीठ किती?" असं त्यांनी दोनदा विचारलं, पण गिऱ्हाईक पदरानं वारा घेत होतं, उत्तर देत नव्हतं.

शेवटी तिखटासाठी डबा उघडला. तिखट तळाशी गेलेलं. डब्यात खाली घडी करून कागद घातला होता, तिखट टिनाला चिकटू नये म्हणून. त्यावर ओळखीचं अक्षर होतं. 'विषय : दुपारी १२ ते ३ वाद्ये न वाजविणेबाबत.' जावक क्रमांक लालभडक झाला होता.

श्रावणबाबूंनी कागद चमच्यानं खरवडला आणि ते तिखट रस्स्यात टाकलं.

ताट वाढलं गेलं. डोमाजीनं पितळी गिलासात पाणी आणून ठेवलं, रोज सगळ्यांना मिळतो तोच गिलास. पंचफुलाबाईंनी पहिला घास घेतला. श्रावणबाबू बाजूला उभे होते, हातात उलथनं, कपाळावर काजळी, अंगठ्याला चिंधी. बारा वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदावरच्या साहेबाच्या शेऱ्याची एवढी वाट पाहिली नव्हती.

"बाई," त्यांनी घसा साफ केला, "अजून पायजे का?"

पंचफुलाबाईंनी मान हलवली. मुकाट्यानं सगळं ताट संपवलं, एक वांगंही मागे ठेवलं नाही. मग हात धुतले.

पंचफुलाबाईंनी एक ढेकर दिली.

"झालं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पंख्यानं वारा घेत श्रावणबाबूंच्याच जागेवर झोपल्या.

श्रावणबाबूंनी उलथनं खाली ठेवलं. मग भांडी घासायला बसले. बारा वर्षांची "झालं" एकदम कानात वाजत होती, आणि खरं सांगायचं तर फार लागत होतं. संध्याकाळी बायको उठली तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "पंचफुले, तुह्या हातचं वरन चांगलं रायते." म्हणताना लाजले, पण म्हणाले.

"आता कसं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "बरं, पुढच्या रविवारी मीठ जरा कमी टाकजा."

त्या 'पुढच्या रविवारी'चा अर्थ श्रावणबाबूंना पुढच्या रविवारी कळला.

दोन महिन्यांनी कचेरीत बडेबाबूंनी त्यांना जवळ बोलावलं. लेकीच्या साखरपुड्याला शकील मास्तरांचा बँड सांगितला होता, त्यांची ढोलवाल्याशी बरीच गट्टी जमली होती.

"श्रावणबाबू, तुमच्याच भागात मने एक बाई रांधते. पाटी नाई, बोर्ड नाई, पन रस्सा असा का बहिऱ्याले आयकू येते. तुमी गेलते का कधी?"

श्रावणबाबूंची छाती फुगली. "गेलो म्हंजे? चला ना साहेब, या रविवारीच चला!"

"रविवारी?" बडेबाबू दचकले. "नाई नाई. थो ढोलवाला लय निक्षून सांगून गेला मले. कोनत्या बी दिवशी जा, पन रविवारी चुकून पाय ठेवू नका. रविवारी मने तिथं तिचा नवरा रांधते."